सेडान की छोटी एसयूव्ही? पहिली इलेक्ट्रिक गाडी निवडताना

आमच्या घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या आहेत. सांगलीला दादाकडे टाटांची टिगोर ईव्ही (ईव्ही म्हणजे इलेक्ट्रिक), म्हणजे मागे डिकी असलेली सेडान. चिंचवडला माझ्याकडे टाटांचीच नेक्सॉन ईव्ही, म्हणजे उंच बांधणीची छोटी एसयूव्ही. त्यामुळे नात्यात किंवा ऑफिसात कुणी पहिली इलेक्ट्रिक गाडी घ्यायला निघालं की फोन आमच्याकडे येतो, आणि विचारणा बहुतेक एकच असते: सेडान घेऊ की एसयूव्ही? त्यांना मी जे सांगते, ज्या क्रमाने सांगते, तेच इथे लिहिते आहे. क्रम बदलू नका. आकाराचा विचार मी मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण बऱ्याच जणांचं उत्तर त्याच्या आधीच ठरून जातं.

पहिली पायरी: गाडीच्या आधी प्लग बघा

शोरूमला जायच्या आधी आपल्या पार्किंगमध्ये जाऊन उभे राहा. तुमच्या मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत वायर कुठून येणार, ते डोळ्यांनी बघा. बंगला असेल तर हे काम एका दुपारचं आहे. सोसायटी असेल तर आधी सेक्रेटरींशी बोला. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मालकाला स्वतःच्या चालू वीजजोडणीवरून घरी गाडी चार्ज करता येते. त्या सूचनांची प्रत अर्जासोबत जोडली की बोलणं लवकर पुढे सरकतं. आमच्याकडे तसंच झालं.

मग वीजबिल काढा आणि त्यावरचा 'मंजूर भार', म्हणजे एका वेळी किती किलोवॅट वापरता येतात तो आकडा, वाचा. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर गाडी रात्रभर साधारण तीन किलोवॅटने वीज घेते. भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर लावायचा असेल तर भार वाढवून घ्यावा लागेल. महावितरणकडे इलेक्ट्रिक वाहनांच्या चार्जिंगसाठी वेगळा दर आहे आणि त्यासाठी वेगळं मीटर घेता येतं. घरच्याच मीटरवर गाडी लावली की तुमचा वापर वरच्या टप्प्यात जातो आणि फ्रीज-पंख्याचे युनिटही महाग पडतात. म्हणून महिन्याला हजार किलोमीटरच्या वर चालवणाऱ्यांनी वेगळ्या मीटरचा हिशोब जरूर मांडावा.

इथे एक गोष्ट जवळून सांगते, कारण ती कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही. अर्थिंग. दादाचं घर तीस वर्षांचं आहे. गाडी आली त्या संध्याकाळी प्लग लावला, तर चार्जरवर लाल दिवा. वायरमनला बोलावलं. त्याने मल्टीमीटरची एक सळई न्यूट्रलला आणि दुसरी अर्थला लावली. आकडा अठरा व्होल्टच्या आसपास नाचत होता. हा आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. अंगणात नवा खड्डा घेतला, अर्थिंगची नळी पुरली, आणि तिसऱ्या दिवशी त्याच प्लगवर हिरवा दिवा लागला. गाडीत काहीच दोष नव्हता. तेव्हा गाडी बुक करण्याच्या आधीच वायरमनला बोलावून हे मोजून घ्या. सोबत गाडीसाठी वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा) बसवा, आणि ३२ अँपिअरच्या चार्जरला किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढा.

घरी किंवा ऑफिसात कुठेच प्लगची सोय होत नसेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: अजून थांबा. फक्त बाहेरच्या चार्जरवर पहिली गाडी सांभाळणं कटकटीचं आहे, मग ती सेडान असो की एसयूव्ही.

दुसरी पायरी: स्वतःचा आठवडा कागदावर मांडा

सात दिवस रोज संध्याकाळी गाडीचं किंवा दुचाकीचं मीटर बघून किलोमीटर लिहा. मग वर्षातले चार-पाच लांबचे प्रवास आठवून वेगळे लिहा: गणपतीत गावी, दिवाळीत बहिणीकडे, मे महिन्यात कोकणात. हे दोन आकडे वेगळेच ठेवा. लोक चूक करतात ती इथे. रोजचे पंचवीस किलोमीटर चालवणारा माणूस वर्षातून एकदा नागपूरला जातो म्हणून सगळ्यात मोठ्या बॅटरीचे पैसे भरतो.

रोजच्या आकड्याला दोनने गुणा. रात्री चार्जिंग राहून गेलं, वीज गेली, अचानक दवाखान्यात जावं लागलं, तरी अडायला नको. दादा सांगलीहून कोल्हापूरला कामाला जातो, जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. दुप्पट केले तर दोनशे. टिगोरच्या २६ युनिटच्या (म्हणजे किलोवॅट-अवरच्या) बॅटरीची ही अगदी कड आहे, पण घरी रोज प्लग असल्याने त्याचं निभतं. माझं हिंजवडीचं जाणं-येणं त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

तिसरी पायरी: जाहिरातीतली रेंज आणि खरी रेंज

टिगोर ईव्हीची जाहीर रेंज, म्हणजे एका पूर्ण चार्जमध्ये जाणारं अंतर, ३१५ किलोमीटर. टाटांचीच, नेक्सॉनहून लहान पंच ईव्ही जानेवारी २०२४ मध्ये आली तेव्हा २५ युनिटच्या बॅटरीला ३१५ आणि ३५ युनिटला ४२१. नेक्सॉनच्या ४५ युनिटला ४८९. हे आकडे ठरावीक चाचणीतले आहेत, त्यात आपला एसी, आपला घाट आणि आपला उजवा पाय नाही. पहिल्या हिशोबासाठी साठ ते पासष्ट टक्के धरा. म्हणजे टिगोर साधारण दोनशे, नेक्सॉन तीनशेच्या आसपास.

युनिटला किती किलोमीटर, हा आकडा रेंजपेक्षा जास्त कामाचा आहे. दादाच्या सेडानला एका युनिटमध्ये साधारण साडेसात किलोमीटर मिळतात, माझ्या एसयूव्हीला साडेसहा. फरक दिसायला मोठा वाटतो. आता पैसे काढू. महिन्याला १,२०० किलोमीटर धरले तर सेडानला १६० युनिट, एसयूव्हीला १८५. युनिट दहा रुपयांनी धरलं तरी महिन्याचा फरक अडीचशे रुपये. तेव्हा 'सेडान कमी वीज खाते' हे खरं असलं, तरी त्या एका कारणासाठी ती घेऊ नका. अडीचशे रुपयांसाठी आईला रोज वाकून बसायला लावण्यात अर्थ नाही. टायरचा खर्च मात्र लक्षात घ्या. टिगोरला १४ इंची चाकं आहेत, नेक्सॉनला १६ इंची, आणि चार टायर बदलायची वेळ आली की मोठ्या चाकांचा खर्च जाणवतो.

हायवेवर गणित थोडं बदलतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीच्या वेगाला जेवढा विरोध, त्याच्या दीडपटीहून थोडा जास्त शंभरला, आणि एकशे वीसला सव्वादोन पट. सेडान बुटकी आणि अरुंद. टिगोर १,६७७ मिलिमीटर रुंद आहे आणि नेक्सॉन १,८०० च्या वर, त्यामुळे सेडानला हवा कमी कापावी लागते. पण बॅटरी लहान असली तर ही बचत पुरी पडत नाही. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. तो वेग सलग धरला तर कुठल्याही गाडीच्या बॅटरीचा टक्का बघता बघता उतरतो. नव्वदवर ठेवा, एक चार्जिंगचा थांबा वाचेल.

घाटाची भीती मात्र अनेकांना उगाचच असते. खोपोली ते खंडाळा साधारण साडेपाचशे मीटर चढ आहे. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी तेवढी वर चढवायला निव्वळ सव्वादोन युनिट लागतात. इतर वाया जाणारं धरलं तरी तीनच्या आत. सव्वीसच्या बॅटरीतून ते आठ-दहा टक्के होतात, पंचेचाळीसच्या बॅटरीतून पाच-सहा. आणि उतरताना गाडी स्वतः चार्ज होत येते. सगळं परत मिळत नाही, पण बरंचसं मिळतं.

चौथी पायरी: आता आकाराकडे या

'परवडणारी इलेक्ट्रिक सेडान' म्हणजे आपल्याकडे नक्की काय, हे आधी समजून घ्या. २०१६ मध्ये महिंद्रांची ई-व्हेरिटो आली होती, ती मुख्यतः कंपन्यांच्या आणि सरकारी ताफ्यांत गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये टिगोर ईव्ही ११.९९ लाखांपासून आली. बीवायडीची सील २०२४ मध्ये आली ती चाळीस लाखांच्या वर. म्हणजे दहा-पंधरा लाखांच्या घरात सेडान म्हणाल तर टिगोरच, आणि तीही नवी मिळते का हे आपल्या गावच्या शोरूमला फोन करून विचारायचं. दुसरीकडे पंच, नेक्सॉन, महिंद्रांची एक्सयूव्ही४००, एमजीची विंडसर. छोट्या उंच गाड्यांत भरपूर निवड आहे. आणि पंच ईव्ही सुरुवातीला १०.९९ लाखांपासून आली होती, म्हणजे टिगोरपेक्षा स्वस्त. सेडान स्वस्त आणि एसयूव्ही महाग, हे पेट्रोलच्या काळातलं समीकरण इथे लागू होत नाही.

दुसरी गोष्ट लांबीची. टिगोर ३,९९३ मिलिमीटर, नेक्सॉन ३,९९४, आणि पंच ३,८५७. 'सेडान लांब असते, पार्किंगला अडचण होईल' असं माझ्या काकांनी मला ठासून सांगितलं होतं. टेप लावून दाखवल्यावर त्यांनाही पटलं. लांबीत फरकच नाही. फरक आहे रुंदीत आणि उंचीत. जुन्या इमारतीत दोन खांबांमध्ये गाडी लावायची असेल तर सेडानची कमी रुंदी दार उघडताना उपयोगी पडते. यांत्रिक पार्किंग असेल तर तिथल्या पाटीवरची उंचीची आणि वजनाची मर्यादा वाचा. इलेक्ट्रिक गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असते.

मग गाडी खाली घासते का ते बघा. टिगोरच्या पोटाखाली १७२ मिलिमीटर मोकळी जागा आहे, पंचच्या खाली १९०. अठरा मिलिमीटर, म्हणजे बोटाची रुंदी. पण मागे तीन मोठी माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं असलं की मागचा भाग दबतो, आणि नेमकं तेव्हाच सोसायटीच्या गेटजवळचा बेढब गतिरोधक येतो. म्हणून टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नका. घरातली पाचही माणसं बसवा आणि गाडी तुमच्याच गेटवरून, तुमच्याच उतारावरून न्या. खिडक्या खाली घ्या, रेडिओ बंद करा, आणि कान द्या.

पाण्याबद्दल गैरसमज खूप आहेत. 'आयपी६७ बॅटरी आहे, पाण्यातून बिनधास्त न्या' असं सांगणारे भेटतात. ही चाचणी बॅटरीच्या पेटीची आहे, एक मीटर पाण्यात अर्धा तास. पेटीत पाणी शिरत नाही एवढाच त्याचा अर्थ. पूर आलेल्या रस्त्यावर गाडी तरंगते, वाहून जाते, त्याला ती चाचणी काय करणार? सांगली-कोल्हापूरकडच्या माणसांना हे मी वेगळं सांगायला नको. पाऊस जास्त आणि रस्ता सखल असेल तर उंच गाडीला झुकतं माप द्या, पण पाणी दिसलं की तीही थांबवाच.

आता गुडघे. माझा निर्णय खरं तर इथेच झाला. आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दादाच्या टिगोरमध्ये बसताना ती आधी पाठ करून उभी राहायची, एक हात दारावर, एक हात माझ्या खांद्यावर, आणि मग श्वास धरून खाली टेकायची. उतरताना दोघांनी हात द्यावा लागे. नेक्सॉनच्या टेस्ट ड्राइव्हला तिला घेऊन गेले. सीट तिच्या कमरेच्या जवळपास होती. ती बाजूने टेकली, पाय आत घेतले, आणि माझा हात धरायचं राहूनच गेलं. शोरूममधल्या मुलाला तिने विचारलं, "बाळा, एवढंच असतं?" मी त्याच दिवशी बुकिंग केलं. घरात वयस्क माणूस असेल तर त्याला शोरूमला न्या आणि सलग तीनदा बसायला-उतरायला लावा. पहिल्यांदा कुणीही उत्साहाने बसतं. तिसऱ्यांदा खरं कळतं. दार उघडल्यावर खालचा उंबरा किती रुंद आहे तेही बघा, कारण काही उंच गाड्यांत तो ओलांडताना पाय अडकतो.

डिकीचंही असंच आहे. सेडान म्हणजे मोठी डिकी असं आपण धरून चालतो. पेट्रोलच्या टिगोरला ४१९ लिटर आहे, इलेक्ट्रिकला ३१६, कारण काही जागा बॅटरीने घेतली. नेक्सॉन ईव्हीला ३५०, पंचला ३६६. म्हणजे इथेही समीकरण उलटं. तरी सेडानच्या डिकीचा एक गुण आहे: ती बंद असते, सामान माणसांपासून वेगळं राहतं, मासळीची पिशवी ठेवली तरी वास पुढे येत नाही. आपली नेहमीची मोठी बॅग सोबत न्या आणि प्रत्यक्ष ठेवून बघा. डिकीतला तळ उचलून स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, हेही तिथेच विचारा.

सुरक्षेचे तारे बघताना साल बघा. टिगोर ईव्हीला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून तपासणाऱ्या संस्थेने चार तारे दिले. पंच आणि नेक्सॉन ईव्हीला २०२४ मध्ये भारत एनकॅप या आपल्याकडच्या तशाच चाचणीचे पाच. चाचण्यांचे नियम वेगळे असल्याने चार आणि पाचची थेट तुलना होत नाही, पण एअरबॅग किती आहेत हे मोजता येतं. सहा असतील ती गाडी घ्या.

पाचवी पायरी: लांबच्या प्रवासाची तालीम

मागच्या वर्षी आम्ही चिंचवडहून गुहागरला निघालो. कराडच्या अलीकडे एका हॉटेलवर चार्जर होता, अ‍ॅपमध्ये हिरवा दिसत होता. पोहोचलो तर स्क्रीन काळी, आणि वॉचमन म्हणाला, "ताई, चार दिवस बंदच आहे." गाडीत ३८ टक्के होते, म्हणून मी शांतपणे चहा घेतला आणि पुढचा चार्जर गाठला. त्याच ठिकाणी दादाच्या गाडीत असते तर साधारण १२ टक्के उरले असते, आणि चहा गोड लागला नसता.

लहान बॅटरीच्या गाडीने लांब जाता येतं, पण मग चार्जर लवकर गाठायचा, आणि पुढचा एक हाताशी ठेवायचा. मी वीस टक्क्यांच्या खाली कधीच जाऊ देत नाही. अ‍ॅपवर हिरवा रंग न बघता आज कुणी तिथे चार्ज केलंय का ते बघा, किंवा फोन करा. वेळेचा फरकही आहे: जलद चार्जरवर टिगोरला ऐंशी टक्क्यांपर्यंत साधारण तास लागतो, ४५ युनिटच्या नेक्सॉनला कंपनी ४० मिनिटं सांगते, पण तेवढ्या ताकदीचा चार्जर मिळाला तरच. तुमचे लांबचे प्रवास वर्षातून चारच असतील तर हा तास सोसा. महिन्यातून चार असतील तर मोठी बॅटरी घ्या.

सहावी पायरी: कागद आणि पैसे

इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी पाच टक्के आहे आणि महाराष्ट्रात मोटार वाहन कर माफ आहे, त्यामुळे शोरूमची किंमत आणि ऑन-रोड किंमत यांत पेट्रोल गाडीइतकं अंतर पडत नाही. कोटेशनमध्ये अंतर मोठं दिसलं तर ओळ न ओळ विचारा. २०२५ च्या राज्याच्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे. कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकरातली ८०ईईबी कलमाची सवलत मात्र ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. अजूनही काही विक्रेते ती सांगतात, त्यावर बजेट आखू नका.

विम्यात एक बारीक फरक आहे. थर्ड पार्टीचा हप्ता मोटरच्या किलोवॅटवर ठरतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांत ३० ते ६५ किलोवॅटला वर्षाला २,९०४ रुपये, आणि ६५ च्या वर ६,७१२. टिगोरची मोटर ५५ किलोवॅटची, म्हणून ती खालच्या गटात. नेक्सॉन वरच्या गटात. विमा घेताना चार्जर आणि बॅटरी पॉलिसीत धरली आहे का, हे लेखी घ्या.

बॅटरी भाड्याने देण्याची योजनाही आहे. विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा गाडी ९.९९ लाखांपासून आणि बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये असा भाव होता. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे साडेतीन हजार, वर वीज वेगळी. कमी चालवणाऱ्याला हे झेपतं. दादासारख्या रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याने यात पडू नये.

जुनी सेडान घेत असाल, दादाने तशीच घेतली, तर नंबरप्लेट बघा. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी, पिवळी म्हणजे भाड्याने चाललेली. पाटी बदललेली असू शकते, म्हणून आरसीवरचा पूर्वीचा वापरही तपासा. मग सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल मागा. टिगोर ईव्हीच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते. उरलेली वॉरंटी तुमच्या नावावर होते का, हे पैसे देण्याच्या आधी लेखी घ्या. अहवाल द्यायला मालक टाळाटाळ करत असेल तर ती गाडी सोडून द्या, दुसरी मिळेल.

माझ्याकडे आता कुणी विचारलं तर मी असं सांगते. घरी प्लग आहे, रोजचं अंतर ठरलेलं आणि शंभरच्या आत आहे, रस्ता चांगला आहे, घरात कुणाला गुडघ्याचा त्रास नाही, आणि चांगल्या अहवालाची खासगी टिगोर बऱ्याच कमी पैशांत मिळते आहे, तर खुशाल घ्या. दादा तीत समाधानी आहे. यांतली एखादी जरी अट जुळत नसेल तर छोटी एसयूव्ही बघा, आणि पंचची लहान बॅटरी की नेक्सॉनची मोठी, हे दुसऱ्या पायरीतल्या कागदावरून ठरवा. शनिवारी वायरमनला बोलवा, रविवारी आईला घेऊन शोरूमला जा. टेप आणि मोठी बॅग सोबत असू द्या.